अप्पांचे डोळे, आमचे मुद्दे

अप्पा गेले तेव्हा सकाळचे सव्वासहा झाले होते. मी आधी घड्याळ बघितलं, मग उठून पंखा बंद केला. अव्वा, माझी आई, अप्पांचा हात धरून बसली होती. तिनं वर बघितलं, पण काही विचारलं नाही. मी अप्पांच्या पापण्या नीट मिटल्या, कापूस पाण्यात भिजवून त्याच्या दोन घड्या डोळ्यांवर ठेवल्या आणि अंगणात जाऊन फोन लावला. रडायचं राहून गेलं. ते नंतर, सवड मिळाली तेव्हा केलं.

तीन वर्षांपूर्वी गावातल्या शाळेत नेत्रदानाचा कार्यक्रम झाला होता आणि त्यात अप्पांनी फॉर्म भरला होता. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. म्हणजे आम्हाला सव्वाबारापर्यंत वेळ होता. सोलापूरच्या नेत्रपेढीतला माणूस फोनवर सरळ बोलला. फॉर्म भरलेला असला तरी घरच्यांची सही लागते, बायको हयात असेल तर तिची. माकणीला यायला गाडीला अडीच तास धरा. घरात वाद चालू असताना आम्ही गाडी काढत नाही. तुमचं ठरलं की कळवा, पण साडेनऊच्या आत, त्यानंतर निघून उपयोग नाही. आमच्या घरात वाद होणार हे याला कसं कळलं, असं मला वाटलं. मग लक्षात आलं, सगळ्याच घरांत होत असणार.

आम्ही लिंगायत. गावात आमचं किराणा आणि सरकी-पेंडीचं दुकान आहे. ते अप्पांनी पन्नास वर्षं चालवलं, आता धाकटा भाऊ चालवतो. अव्वाचं माहेर कर्नाटकात. अप्पांशी ती कानडीत बोलायची, आमच्याशी मराठीत आणि रागावली की दोन्हींत. मी धाराशिवला एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. अप्पांची तब्येत उतरल्यापासून रजा टाकून माकणीला येऊन राहिले होते.

वीस-बावीस वर्षं मी शाळांच्या वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. गुणपत्रिकेत उच्चार, हावभाव, मांडणी, खंडन असे रकाने असतात. उच्चार आणि हावभावांना मी हात राखूनच गुण देते. माझा स्वतःचा कस वेगळा आहे. बोलणाऱ्यानं मुद्दा मांडला की मी मनातल्या मनात तो खोटा ठरवते आणि बघते, आता हा आपलं मत बदलेल का? बदलणार नसेल, तर तो मुद्दा नुसता शोभेचा. खरा मुद्दा मागं कुठंतरी लपलेला आहे. मुलींना मोबाईल द्यावा का, या विषयावर एकदा एका मुलानं ठासून सांगितलं की मोबाईलनं मुलींचे डोळे खराब होतात. मुलांचे होत नाहीत का, असं समोरच्या मुलीनं विचारलं. तो म्हणाला, होतात, पण मुलांना चष्मा शोभतो. सगळा हॉल हसला. मी त्याला एक गुण जास्त दिला, कारण खरा मुद्दा त्यानं चुकून का होईना सांगून टाकला होता.

त्यामुळं त्या सकाळी मला भीती वाटत नव्हती. दुःख होतं, घाई होती, पण हे आपल्याला जमेल याची खात्री होती. इतक्या पोरांचे वाद ऐकले, घरातल्या चार माणसांचं काय.

पावणेसातला काका आले. अप्पांचे धाकटे भाऊ, सत्तरीचे, आमच्याच गल्लीत राहतात. ते रडत आले, पण आल्याबरोबर कामाला लागले. आमच्यात माणसाला जाळत नाहीत आणि आडवं पुरतही नाहीत. मांडी घालून बसवतात, जन्मभर गळ्यात असलेलं त्याचं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर देतात आणि तसंच बसवून मातीत समाधी देतात. हे बसवणं अंग ताठरायच्या आत करावं लागतं. काकांनी आणि भावानं मिळून अप्पांना अंघोळ घातली, कपाळाला आणि दंडांना विभूती लावली, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं आणि छातीवरून उपरणं घेऊन मागच्या खुंटीला बांधलं. कापसाच्या घड्या ओल्या ठेवायचं काम माझ्याकडं होतं. नेत्रपेढीवाल्यानं डोकं उंच ठेवा म्हणून सांगितलं होतं, ते मी भावाला सांगितलं. तो डोळे पुसत म्हणाला, "डोकं काय, आपल्याकडं अख्खा माणूसच उंच असतो."

एवढ्या गडबडीत काकांचं लक्ष आता कुठं कापसाकडं गेलं.

"हे डोळ्यावर काय घातलंय?"

मी सांगितलं. काका दोन पावलं मागं सरले. म्हणाले, "आसं करू न्हाय बाई. फुडच्या जन्मी माणूस आंधळा येतो."

हा मुद्दा येणार हे मला ठाऊकच होतं. मी म्हणाले, "काका, आपल्यात पुढचा जन्म कुठं असतो? निधनाच्या कार्डावर आपण लिंगैक्य झाले असं छापतो. शिवात मिसळलेला माणूस परत कशाला येईल?"

काकांनी तो मुद्दा सोडला. मग म्हणाले, अप्पांची तर मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालीत, असले डोळे कुणाच्या कामाचे? त्याचंही उत्तर मी फोनवरच विचारून ठेवलं होतं. मोतीबिंदू आतल्या भिंगाचा असतो, नेत्रपेढीवाले घेतात तो बुबुळावरचा काचेसारखा पडदा. तो चांगला असला की पुरे. मग काका म्हणाले, पाहुणे तोंड बघायला येणार, त्यांनी काय खोबण्या बघायच्या? मी म्हणाले, पापण्या मिटलेल्याच राहतात, चेहऱ्यात काही फरक पडत नाही. मग ते म्हणाले, गावात आपल्या समाजात आजवर हे कुणी केलेलं नाही. मी म्हणाले, मग अप्पांचा पहिला नंबर लागेल.

"तू मास्तरीण," काका म्हणाले. "तुझ्याफुडं कोण टिकावं? पर न्हाय म्हंजी न्हाय."

चार मुद्दे आले, चारही खोडले आणि मत होतं तिथंच. माझ्या कसाला लावलं तर शून्य गुण. बाप भिंतीला टेकून बसलेला असताना मी काकांना गुण देत होते, हे मला तेव्हा खटकलं नाही. उलट जरा बरंच वाटलं, हे कबूल करायला हवं.

आठ वाजता स्वामी आले. अंत्यविधी तेच करणार होते. काकांनी त्यांना दारातच गाठलं आणि आता तुम्हीच सांगा म्हणून साकडं घातलं. स्वामी वयानं माझ्याएवढेच, शांत माणूस. त्यांनी चपला काढल्या, अप्पांना नमस्कार केला, कापसाच्या घड्या बघितल्या आणि म्हणाले की मी आजवर ज्यांना ज्यांना बसवलं त्या सगळ्यांचे डोळे मिटलेलेच होते, पुढचं घरानं ठरवावं. काकांनी याचा अर्थ घेतला की स्वामींना हे पसंत नाही. मी अर्थ घेतला की स्वामींची हरकत नाही. वाक्य एकच, आम्ही दोघांनी ते आपापल्या खिशात घातलं.

साडेआठला घर भरत आलं. बायका अव्वाभोवती बसल्या होत्या. अव्वा काहीच बोलत नव्हती. मला वाटलं, हिचं काही म्हणणं नाही, हिला फक्त कुणीतरी समजावून सांगायला हवं. दहा मिनिटांत बोलून घेतलं तर पावणेनऊला फोन करता येईल. मी तिच्यासमोर उभी राहिले. बसले नाही, उभीच राहिले. आणि आवाज थोडा चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागले. अव्वा, डोळे हे सगळ्यात मोठं दान आहे. जळून राख होण्यापेक्षा दोन माणसांना त्यांनी जग दिसलं तर...

"आपल्यात कोण जळतंय गं?" अव्वा म्हणाली.

ती रागानं बोलली नाही. खरंच विचारल्यासारखं बोलली. माझ्यासमोर अप्पा विभूती लावून मांडी घालून बसलेले होते. तास-दीड तासापूर्वी त्यांना बसवताना मी स्वतः त्यांची मान धरली होती. आणि मी त्यांच्याचसमोर उभी राहून राखेबद्दल बोलत होते.

ते वाक्य मी कुठल्यातरी माहितीपत्रकातून उचललं होतं. कितीतरी शाळांत, कार्यक्रमांत बोलले होते. टाळ्या मिळायच्या. ते आमच्या घराला लागू पडतं की नाही हे मी एकदाही तपासलं नव्हतं. एखाद्या विद्यार्थ्यानं असं पाठ केलेलं वाक्य माझ्यापुढं म्हटलं असतं तर मांडणीचे निम्मे गुण कापले असते.

मग अव्वा बोलली. ती सलग बोलली नाही, थांबून थांबून, मधे कानडी शब्द घालत बोलली, पण तिचं म्हणणं अगदी सरळ होतं. अप्पा रोज सकाळी तळहातावर लिंग घेऊन बसायचे. पापणी न हलवता बघत राहायचे. दुकानाची घाई असो, ताप असो, ते चुकलं नाही. तिला लग्न होऊन आल्या दिवसापासून हे बघायची सवय. आता त्यांना कायमचं तसंच बसवायचं. हातात तेच लिंग द्यायचं. मग बघायला जे लागतं तेच काढून घ्यायचं आणि पुढ्यात लिंग ठेवायचं, हे कसं?

"स्वामी म्हणतेत, डोळे मिटलेले असत्यात," ती म्हणाली. "मिटलेले येगळे. नसलेले येगळे."

मी सवयीनं माझा कस लावला. हा मुद्दा खोटा ठरला तर अव्वा मत बदलेल का? बदलेल, असं मला वाटलं. तिच्या बोलण्यामागं दुसरं काही लपलेलं नव्हतं. लोक काय म्हणतील हे नव्हतं, भीती नव्हती. तिच्या नवऱ्यानं जन्मभर जे केलं त्याला धरून ती बोलत होती. आणि खोडायला माझ्याकडं काही नव्हतं. मेलेल्या माणसाला दिसत नाही, असं म्हणता आलं असतं. पण मग हातात लिंग तरी कशाला द्यायचं? विभूती कशाला? ते सगळं मी मुकाट्यानं करत होते. अर्धं मानायचं आणि अर्धं वेडेपणा म्हणायचं, असं मला करता येत नव्हतं.

माझ्याकडं एकच मुद्दा उरला होता, पण तो सगळ्यात भक्कम होता. मी तो काढला. ही अप्पांची इच्छा होती. डोळे त्यांचे, इच्छा त्यांची, आपण कोण ठरवणार?

तेव्हा भाऊ बोलला. तो सकाळपासून माझ्या विरुद्ध नव्हता, बाजूनंही नव्हता. तो दुकानदार माणूस, बोलण्याच्या आधी तोलतो. तो म्हणाला, "अक्का, वाईट वाटून घेऊ नको. त्या दिवशी स्टेजवर तू होतीस. कोण फॉर्म भरणार म्हणून तू विचारलंस आणि कुणी हात वर करंना. अप्पांनी पहिला केला. पोरीचं तोंड पडायला नको म्हणून केला असेल. तू त्या दिवशी कशावरही भाषण केलं असतंस तरी त्यांनी हात वर केला असता."

मला तो कार्यक्रम आठवत होता. शाळेच्या मैदानात मांडव, समोर गावातली माणसं. मी प्रश्न विचारल्यावर पसरलेली ती शांतता आणि दुसऱ्या रांगेतून वर आलेला अप्पांचा हात. तीन वर्षं मी ती गोष्ट अभिमानानं सांगत आले होते. आता भावाच्या बोलण्यानंतर तोच हात मला वेगळा दिसायला लागला. कार्यक्रमानंतर अप्पा त्या विषयावर माझ्याशी एकदाही बोलले नव्हते. मीही विचारलं नव्हतं. फॉर्म भरलाय म्हणजे झालं, असं मी धरून चालले होते.

घड्याळात नऊ वाजून सात मिनिटं झाली होती.

मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. भावाला सुनवायचं, की तुला काय माहीत, आणि अव्वावर आवाज चढवायचा. अव्वानं सही केली असती. ती माझ्यापुढं नमते, हे मला ठाऊक आहे. शिकलेली मुलगी, नोकरी करणारी मुलगी, हिला जास्त कळतं असं तिनं मनाशी धरलेलं आहे. ती सही मिळाली असती, गाडी आली असती आणि मी जिंकले असते. पण स्पर्धेत जिंकणं आणि घरात सही घेणं यात फरक आहे. स्पर्धेत हरलेली बाजू चहा पिऊन एसटीनं घरी जाते. इथं ती याच घरात राहणार होती.

मी खाली अव्वाजवळ बसले. बायकांना थोडं पलीकडं सरकायला सांगितलं. तिला म्हणाले की हा म्हणतोय ते खरं असू शकतं. अप्पांनी माझ्याखातर हात वर केला असेल, मला खात्रीनं सांगता येत नाही. जळण्याचं बोलले ते चुकलं. तू लिंगाचं बोललीस त्याला माझ्याकडं उत्तर नाही. साडेनऊपर्यंत ठरवायचं आहे आणि सही तुझी आहे. माझी नाही, याची नाही, काकांची नाही.

मग विचारलं, "ते तुझ्याशी कधी बोलले का यावर? माझ्या विरुद्ध असलं तरी सांग."

अव्वानं पदर नीट केला. ती इतका वेळ थांबली की मला घड्याळाकडं बघायचा मोह झाला. मी बघितलं नाही.

तिनं सांगितलं ते असं. कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी दुकान बंद करून अप्पा घरी आले आणि हातपाय धुताना म्हणाले, तुझापण फॉर्म भरू का? ती म्हणाली, माझा भरायचा नाही आणि तुमचाही फाडून टाका. अप्पा म्हणाले, फाडणार नाही. तिनं तेव्हाही हेच लिंगाचं विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. ती ताट वाढायची, ते जेवायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर त्यांनी तिला हाक मारली. ते बोलले ते कानडीत. अव्वानं ते आम्हाला मराठीत सांगितलं.

"म्हणाले, मी गेल्यावर सही तूच करणार. तुला नको आसलं तर करू नको, मी काय बघायला येत न्हाय. पर माझं मत बदललं होतं, आसं कुणाला सांगू नको."

काका भिंतीपाशी उभे होते. ते हळूच म्हणाले, "वैनी, हे आता सांगायची काय गरज हुती?"

"इचारलं तिनं," अव्वा म्हणाली.

मी वीस-बावीस वर्षं वाद ऐकलेत, पण कुणी स्वतःच्या बाजूचा सगळ्यात मोठा दगड असा स्वतःच्या हातानं काढून समोर ठेवलेला बघितला नव्हता. ती गप्प बसली असती तरी कुणाला कळलं नसतं. अप्पांनी तिला नाही म्हणायची मुभाच दिली होती. पण ज्या माणसानं घरात दोन दिवसांचा अबोला सोसून आपलं म्हणणं सोडलं नाही, त्यानं ते केवळ लेकीचं तोंड राखायला म्हटलं होतं, असं आता म्हणता येणार नव्हतं. भावानंही मान हलवली.

अव्वा पुढं म्हणाली की मला न्हाय म्हणता येतंय, पण त्यांना नको होतं असं म्हणता येत न्हाय. आणि त्यांना हवं होतं हे माहीत असून न्हाय म्हणायचं तर मग ते 'न्हाय' माझं ठरतं, त्यांचं न्हवं. मग तिनं स्वामींकडं बघितलं.

"आधी लिंग हातात द्या त्यांच्या. त्यो कापूस काढा. मी डोळे उघडते. एकदा नीट बघू द्या. मग न्यायचं ते न्या."

नऊ पंचवीसला मी फोन केला. आधी गाडी काढा म्हणून सांगितलं, मग अव्वाची अट सांगितली आणि विचारलं की चालेल का. त्यानं फोनवरूनच शेजारच्या कुणालातरी विचारलं. असं कुणी विचारलं नसावं. मग म्हणाला, पाच-सात मिनिटं चालेल, नंतर लगेच पापण्या मिटून ताजा ओला कापूस ठेवा.

स्वामींनी अप्पांच्या गळ्यातलं लिंग सोडलं, डाव्या तळहातावर बेलाचं पान ठेवून त्यावर ते ठेवलं. हात घसरायला लागला तेव्हा काका पुढं झाले आणि त्यांनी तळहात खालून दोन्ही हातांनी धरला. अव्वानं कापूस काढून माझ्याकडं दिला आणि अंगठ्यांनी दोन्ही पापण्या वर धरल्या. स्वामी मंत्र म्हणत होते. मी ओल्या कापसाच्या नव्या घड्या घेऊन शेजारी उभी होते आणि घड्याळ बघत होते. कुणीतरी बघायलाच हवं होतं. पाच मिनिटं झाल्यावरही मी बोलले नाही. सहाव्या मिनिटाला अव्वा स्वतःच म्हणाली, "झालं." तिनं पापण्या मिटल्या आणि कापसासाठी हात पुढं केला.

पावणेबाराला गाडी आली. दोन माणसं होती, एक पेटी. अव्वानं सही केली. तिला मराठी वाचता येतं, पण सही ती कानडीत करते. साक्षीदार म्हणून भावानं आणि शेजाऱ्यांनी सह्या केल्या. काकांनी केली नाही. मी आग्रह केला नाही. वीस मिनिटांत ते बाहेर आले. आम्ही आत गेलो तेव्हा अप्पा होते तसेच बसलेले होते. पाहुण्यांनी दुपारी तोंड बघितलं, कुणाला काही कळलं नाही. उन्हं उतरताना समाधी दिली.

काकांचा खरा मुद्दा मला तिसऱ्या दिवशी कळला. ओट्यावर चहा पिताना ते आपणहून बोलले. म्हणाले, फुडचा जन्म आन् पाव्हणे, हे आपलं बोलायचं. त्याच्या अंगाला हत्यार लागू नये, एवढंच वाटत हुतं. ते त्या सकाळी एवढंच बोलले असते तर माझं तोंड तिथंच बंद झालं असतं. म्हणजे मी शून्य गुण दिले तेव्हा खरा मुद्दा माझ्यापुढं आलाच नव्हता. माणसं कधीकधी जवळचा मुद्दा सांगायला लाजतात आणि चारचौघांत चालेल असा उसना मुद्दा आणतात. तो खोडून काढणं सोपं असतं. त्यानं काही सिद्ध मात्र होत नाही. त्यानंतर समोरचा मुद्दे बदलायला लागला की मी गुण कापायची घाई करत नाही. गप्प बसते आणि तो खरं कधी बोलतो याची वाट बघते. स्पर्धेत एवढी सवड नसते, घरात काढावी लागते.

अप्पांचे डोळे दोन माणसांना बसवले, एवढं पुढं कळलं. कुणाला बसवले ते नेत्रपेढीवाले सांगत नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. लोक आता अव्वाला म्हणतात, बघा, केवढं चांगलं झालं. चांगलंच झालं. पण म्हणून तिनं विचारलेला प्रश्न चुकीचा ठरत नाही. त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. तिनं त्यातून वाट काढली, मी नाही. कार्यक्रमांत मी अजूनही बोलते. राखेचं वाक्य काढून टाकलंय. आधी विचारते, तुमच्यात कसं करतात? आणि फॉर्म घेऊन जाणाऱ्याला सांगते की आज इथं सही करू नका, घरी जाऊन भांडा, फॉर्म टिकला तर आणून द्या. त्यामुळं फॉर्म कमी येतात. संयोजक नाराज होतात. होऊ देत.

कार्य उरकल्यावर मी धाराशिवला परत निघाले त्या दिवशी अव्वानं मला आणि भावाला बसवून घेतलं. म्हणाली, माझे डोळे द्यायचे नाहीत. मी तिला 'का?' असं विचारलं. माझ्या तोंडून ते सवयीनंच गेलं.

"कारण हाय," ती म्हणाली. "पर तुला सांगितलं की तू खोडशील."

खरं होतं, मी खोडलं असतं. अप्पांचे डोळे अप्पांचे होते म्हणून दिले, तर अव्वाचे अव्वाचे आहेत. तिनं कारण सांगितलंच पाहिजे असा नियम कुठं आहे? माझ्या पिशवीत शाळेची वही होती. तिचं पान फाडलं आणि लिहिलं: माझ्या मृत्यूनंतर माझे डोळे काढू नयेत, कुणाच्याही सांगण्यावरून काढू नयेत. तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी आणि भावानं साक्षीदार म्हणून सह्या केल्या.

तिनं कागद हातात घेतला, चष्मा लावून पुन्हा एकदा सगळा वाचला आणि सही न करताच माझ्याकडं परत दिला. 'कुणाच्याही सांगण्यावरून' या शब्दांपुढं तिनं मला 'माझ्या मुलीच्यासुद्धा' असं लिहायला लावलं. मी लिहिलं, तेव्हा तिनं सही केली.